पेशीतला कारखाना कोण बांधतो?

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



समितीने आम्हाला बोलावले आणि विषयही आम्हीच निवडावा असे सांगितले. म्हणून आम्ही रोज ज्या कामात असतो तोच विषय घेतला आहे. पेशी रायबोसोम कसे बांधते आणि बांधल्यावर ते कसे वापरते, हा आमचा अभ्यास. हे वाक्य वस्तीत कुणासमोर बोलले की दोन प्रश्न हमखास येतात. मुले विचारतात, "रायबोसोम म्हणजे काय हो?" आणि त्यांचे आईवडील विचारतात, "पीएचडी झाली ना? मग आता आणखी काय शिकणं चाललंय?"

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. त्याच्या पोटात घरभाड्याची, वयाची आणि लग्नाची काळजी असते. ती काळजी खोटी नाही. म्हणून आज दोन्ही प्रश्न एकत्रच घेतो. त्याला कारणही आहे. रायबोसोमविषयी जगाला जे काही कळले, त्यातला फार मोठा वाटा पीएचडी झालेल्या पण अजून पक्की नोकरी नसलेल्या तरुण माणसांच्या हातून आलेला आहे. अशा माणसाला इंग्रजीत पोस्टडॉक म्हणतात. आम्हीही तेच.

आधी रायबोसोम. आपले शरीर पेशींचे आणि पेशीतले बहुतेक काम प्रथिने करतात. रक्तातले हिमोग्लोबिन, जठरातली पाचक विकरे, डोक्यावरचे केस, सगळी प्रथिनेच. प्रथिन म्हणजे मण्यांची माळ समजा. मणी वीस प्रकारचे, त्यांना अमिनो आम्ले म्हणतात. कोणत्या मण्यानंतर कोणता, हा क्रम डीएनएमध्ये लिहिलेला असतो. तलाठ्याच्या दप्तरातला मूळ कागद जसा घरी नेता येत नाही, उतारा मिळतो, तसेच पेशीतही आहे. डीएनए केंद्रकात राहतो, त्याचा उतारा बाहेर येतो. त्याला निरोप्या आरएनए म्हणू. हा निरोप तीन-तीन अक्षरांनी वाचत एकेक मणी ओवणारे यंत्र म्हणजे रायबोसोम. जीवाणूतला रायबोसोम जोरात असला तर सेकंदाला वीसेक मणी ओवतो. आपल्या पेशीतला जरा सावकाश, पाच-सहा.

तो केवढा असेल? एका मिलिमीटरमध्ये तीस-चाळीस हजार रायबोसोम ओळीने मावतील. साध्या सूक्ष्मदर्शकातून तो दिसत नाही. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत रुमानियात जन्मलेल्या जॉर्ज पॅलाडे यांनी १९५५ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे बारीक कण पाहून त्यांचे वर्णन केले. त्यांना १९७४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या विदर्भात सिकलसेल हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. अनेक घरांनी तो सोसलेला आहे. त्या आजारात काय होते? हिमोग्लोबिनच्या एका साखळीचा मजकूर लिहिताना एकच अक्षर बदललेले असते. त्यामुळे सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल नावाच्या मण्याऐवजी व्हॅलिन हा मणी येतो. एवढ्याने तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. येथे रायबोसोमचा काही दोष नाही. तो इमानाने, जे लिहिले आहे तेच वाचतो. म्हणजे हा मजकुरातला दोष. आता प्रश्न असा की मजकूर अगदी शुद्ध आहे, पण वाचणारे यंत्रच नीट बांधले गेले नाही, किंवा पुरेशी यंत्रेच नाहीत, तर काय होते? आमचे सगळे काम या प्रश्नाभोवती आहे.

माणसाच्या एका रायबोसोममध्ये ऐंशी प्रथिने आणि आरएनएचे चार धागे असतात. त्याचे दोन भाग, एक लहान आणि एक मोठा. लहान भाग निरोप वाचतो, मोठा भाग मणी जोडतो. निरोप आला की दोन्ही भाग त्याच्यावर मिटतात, काम संपले की सुटे होतात. जात्याच्या दोन तळ्या डोळ्यांसमोर आणा, फक्त येथे दळायचे नाही, जोडायचे आहे.

आता गंमत पाहा. प्रथिने तयार करणारे यंत्र स्वतःच प्रथिनांचे. मग ती ऐंशी प्रथिने कोणी केली? जुन्या रायबोसोमनी. कोंबडी आधी की अंडे आधी, असा हा पेच आहे. त्याचे थोडेसे उत्तर पुढे येईल.

जपानमधून पीएचडीनंतर अमेरिकेत आलेले मसायासु नोमुरा हे शास्त्रज्ञ पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात होते. तेथे त्यांनी आणि पीटर ट्राउब यांनी १९६८ साली एक जबरदस्त प्रयोग केला. जीवाणूच्या रायबोसोमचा लहान भाग त्यांनी पूर्ण सुटा केला. एका बाजूला आरएनए, दुसऱ्या बाजूला एकवीस प्रथिने. मग ते सगळे एकत्र करून साधारण चाळीस अंशांवर ऊब दिली. भाग आपला आपण पुन्हा जुळला आणि काम करू लागला! घड्याळ खोलून सुटे भाग डब्यात टाकावेत, डबा कोमट करावा आणि आतून टिकटिक ऐकू यावी, तसाच हा प्रकार. पुढे त्यांनी कोणते प्रथिन आधी बसते आणि कोणते त्याच्या आधाराने नंतर, याचा नकाशाही तयार केला. त्याच जीवाणूचा मोठा भाग जुळवायला १९७४ साल उजाडावे लागले. त्याला जास्त उष्णता आणि दोन टप्पे लागले.

पण माणसाच्या किंवा यीस्टच्या पेशीत हे इतके सरळ नाही. येथे दोनशेहून जास्त मदतनीस प्रथिने लागतात. ती रायबोसोमचा भाग नसतात. येतात, एक काम करतात आणि निघून जातात. कोणी धागा दुमडून धरते, कोणी नको तो तुकडा कापते, कोणी चुकीचा भाग मध्येच बसू नये म्हणून जागा अडवून ठेवते. स्लॅब टाकताना सेंट्रिंग लावतात. स्लॅब पक्का झाला की फळ्या आणि बल्ल्या काढून दुसऱ्या इमारतीवर नेतात. घरात राहायला येणाऱ्याला सेंट्रिंग कधी दिसत नाही. या मदतनिसांचेही तसेच. तयार रायबोसोम पाहिला तर त्यात ते सापडणार नाहीत, म्हणूनच त्यांचा शोध लागायला इतका वेळ गेला.

हे बांधकाम केंद्रकातल्या एका गडद ठिपक्यात सुरू होते. त्याला केंद्रिका म्हणतात, अकरावी-बारावीच्या मुलांनी तिची आकृती काढलेली असेल. तेथे आधी आरएनएचा एक लांबलचक धागा तयार होतो. माणसात सुमारे तेरा हजार अक्षरांचा. त्यातला जवळजवळ निम्मा कापून टाकला जातो आणि उरलेल्याचे तीन धागे होतात. चौथा धागा वेगळ्या ठिकाणी तयार होऊन येथे येतो. प्रथिने मात्र केंद्रकाच्या बाहेर तयार होतात आणि त्यांना आत आणावे लागते. म्हणजे विटा गावात भाजायच्या, भिंती वाड्यात बांधायच्या आणि बांधलेले घर पुन्हा वाड्याच्या दारातून बाहेर काढायचे.

या कामाचा वेग ऐका. जोनाथन वॉर्नर यांनी १९९९ साली यीस्टचा हिशेब मांडला होता. भरभर वाढणाऱ्या यीस्टच्या एका पेशीत सुमारे दोन लाख रायबोसोम असतात. ती शंभरेक मिनिटांत दुप्पट होते. म्हणजे मिनिटाला दोन हजार नवे रायबोसोम! केंद्रकाला सुमारे दीडशे दारे. प्रत्येक दारातून मिनिटाला जवळजवळ हजार प्रथिने आत जातात आणि पंचवीसच्या आसपास अर्धे रायबोसोम बाहेर येतात. दादर स्टेशनचा पूल संध्याकाळी सहा वाजता ज्यांनी पाहिला आहे, त्यांना थोडी कल्पना येईल. एवढा खर्च पेशी दुसऱ्या क्वचितच एखाद्या कामावर करते. म्हणूनच अन्न कमी पडले की ती आधी हे बांधकाम थांबवते. उलट कर्करोगाच्या पेशींत ते बेफाम चाललेले असते. त्यांच्या केंद्रिका मोठ्या दिसतात, हे रोगनिदान करणाऱ्या डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

आता आम्ही नेमके काय करतो ते सांगतो. "प्रयोगशाळेत असता म्हणजे दिवसभर काय करता?" असे विचारणारी पुष्कळ मंडळी येथे बसली आहेत.

आम्ही यीस्टवर काम करतो. पाव फुगवते तेच यीस्ट. त्याची रायबोसोम बांधण्याची पद्धत आपल्यासारखी आहे, ते स्वस्त आहे आणि दीड तासात दुप्पट होते. आम्ही एक मदतनीस निवडतो आणि त्याच्या जनुकाला असे बटण लावतो, की यीस्टला गॅलॅक्टोज नावाची साखर दिली तर तो मदतनीस तयार व्हावा आणि ग्लुकोज दिले की बंद व्हावा. मग ग्लुकोज द्यायचे आणि दर काही तासांनी थोडे यीस्ट काढून घ्यायचे. बर्फाच्या थंडाव्यात काचेच्या बारीक मण्यांबरोबर घुसळून पेशी फोडायच्या. हा रस एका नळीत साखरेच्या पाण्यावर अलगद ओतायचा. त्या नळीत वरती पातळ पाक असतो आणि तळाकडे दाट होत जातो. ती नळी यंत्रात मिनिटाला चाळीस हजार फेऱ्यांच्या वेगाने अडीच-तीन तास फिरवायची. जड वस्तू खाली, हलकी वर. सर्वांत वर लहान भाग, त्याखाली मोठा भाग, त्याखाली दोन्ही जुळलेला पूर्ण रायबोसोम, आणि तळाशी एकाच निरोपावर ओळीने चढलेले दोन, तीन, पाच, सात रायबोसोम.

नळीतला द्रव वरून हळूहळू काढत त्यातून अतिनील प्रकाश सोडला की कागदावर उंचवटे उमटतात. निरोगी यीस्टचे उंचवटे आता आम्हाला डोळे मिटून काढता येतील. मोठ्या भागाचा मदतनीस बंद केला की मोठ्या भागाचा उंचवटा बसतो. लहान भाग बिचारे निरोपावर जाऊन बसतात आणि जोडीदाराची वाट पाहत राहतात, त्यांच्यामुळे प्रत्येक उंचवट्याशेजारी एक छोटा खांदा उमटतो. तो खांदा दिसला की आम्ही ओळखतो, हा मदतनीस कुठल्या बाजूचा ते.

एवढे एका दिवसात होते. पण तो मदतनीस नेमके काय करतो, कुणाच्या आधी येतो, त्याला तेथून कोण हलवते, हे सिद्ध करायला दोन-तीन वर्षे सहज जातात. दोनशेमधल्या एकाला! इतकी वर्षे कोण देणार? ज्याचे प्रयोगाचे शिक्षण पूर्ण झाले आहे, ज्याच्यावर अजून वर्ग शिकवण्याची आणि समित्यांची जबाबदारी नाही, आणि ज्याला स्वतःचा प्रश्न शोधायचा आहे, असा माणूस. पोस्टडॉक म्हणजे तो. तो विद्यार्थी नसतो, परीक्षा देत नाही, पगार घेतो. पगार बेताचा असतो आणि नेमणूक वर्षा-दोन वर्षांची. ही व्यवस्था आदर्श आहे असे आम्ही म्हणणार नाही. कष्ट तरुणांचे आणि नाव प्रमुखाचे, असे पुष्कळदा होते. पण त्या वर्षांत जे हातून घडते ते कधीकधी पुढच्या सगळ्या आयुष्याला पुरते.

उदाहरण जोन स्टाइट्झ यांचे. हार्वर्डमधून पीएचडी करून त्या १९६७ साली इंग्लंडमध्ये केंब्रिजला पोस्टडॉक म्हणून गेल्या. तेव्हा प्रश्न असा होता, की एवढ्या लांब निरोपात वाचायला सुरुवात नेमकी कुठून करायची हे रायबोसोमला कसे कळते? तेथल्या पुरुष सहकाऱ्यांनी या प्रश्नाला हात लावला नव्हता. फार कठीण, जमले नाही तर पुढे नोकरी मिळायची नाही. त्या काळात बाईला प्राध्यापकपद मिळेल अशी आशा स्टाइट्झ यांना नव्हतीच, मग गमवायचे काय? त्यांनी तो प्रश्न घेतला आणि १९६९ साली रायबोसोम निरोपावर जेथे बसतो त्या तीन जागांची अक्षरे वाचून दाखवली.

दुसरे उदाहरण आपल्या देशातले. वेंकटरामन रामकृष्णन यांचा जन्म १९५२ साली तमिळनाडूतल्या चिदंबरमचा, पण ते वाढले आणि शिकले बडोद्यात. अमेरिकेत १९७६ साली त्यांनी भौतिकशास्त्रात पीएचडी घेतली. मग वाटले की आपल्याला जीवशास्त्र करायचे आहे. तेव्हा हा पीएचडी झालेला, संसारी माणूस दोन वर्षे पुन्हा जीवशास्त्राच्या नव्या विद्यार्थ्यांत जाऊन बसला. रायबोसोमवरचा एक लेख मासिकात वाचून त्यांनी पत्र लिहिले, आणि त्यातून १९७८ साली येल विद्यापीठात पीटर मूर यांच्याकडे पोस्टडॉक मिळाली.

तेथले काम ऐकण्यासारखे आहे. लहान भागातली एकवीस प्रथिने एकमेकांपासून किती अंतरावर आहेत, हे मोजायचे होते. जीवाणू जड पाण्यात वाढवले की त्यांच्या प्रथिनांत जड हायड्रोजन जातो. अशी दोनच प्रथिने निवडायची, बाकीची साधी घ्यायची आणि नोमुरांच्या रीतीने पुन्हा भाग जुळवायचा. मग अणुभट्टीतून येणारे न्यूट्रॉन त्याच्यावर सोडले की ती दोन प्रथिने वेगळी उठून दिसतात आणि त्यांच्यातले अंतर काढता येते. एक जोडी झाली की दुसरी, मग तिसरी. अनेक जणांच्या हातांतून जाऊन एकवीस प्रथिनांचा तो नकाशा १९८७ साली पुरा झाला. म्हणजे यंत्र कसे बांधायचे हे कळले होते, म्हणून ते कसे आहे हे मोजता आले.

या चार वर्षांनंतर रामकृष्णन यांनी अमेरिकेत पन्नासेक ठिकाणी प्राध्यापकपदासाठी अर्ज केले. एकानेही घेतले नाही. शेवटी सरकारी प्रयोगशाळांत नोकरी मिळाली. येथे बसलेल्या पालकांनी हा आकडा लक्षात ठेवावा, पन्नास. पुढे १९९९ साली ते केंब्रिजला गेले आणि २००९ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, हे आपण वर्तमानपत्रांत वाचलेच आहे.

त्या पारितोषिकाचे आणखी दोन मानकरी होते, थॉमस स्टाइट्झ आणि अ‍ॅडा योनाथ. थॉमस हे जोन यांचे पती. योनाथबाई जेरुसलेमच्या. चार खोल्यांच्या घरात त्यांच्या कुटुंबाबरोबर आणखी दोन कुटुंबे राहत. त्या अकरा वर्षांच्या असताना वडील गेले. रायबोसोमसारख्या अवाढव्य आणि लवचिक वस्तूचे स्फटिक करता येतील, असे त्या म्हणत तेव्हा लोक हसत. बर्लिनमध्ये १९८०च्या सुमारास त्यांनी पहिले स्फटिक करून दाखवले, आणि त्यांतून संपूर्ण चित्र मिळायला वीस वर्षे गेली. २००० साली दोन्ही भागांची, अणू कुठे आहेत ते सांगणारी चित्रे प्रसिद्ध झाली. येलमधल्या मोठ्या भागाच्या चित्रावर राबलेले नेनाद बान आणि पॉल निस्सेन हे दोघेही तेव्हा पोस्टडॉकच होते. त्या चित्रात मणी जोडण्याच्या जागेजवळ एकही प्रथिन नव्हते. जोडणी आरएनएच करतो! कोंबडी आणि अंड्याच्या पेचाचे उत्तर या दिशेला आहे. सुरुवातीला प्रथिनांशिवायही हे यंत्र थोडेफार चालत असावे, असे आता बहुतेक संशोधक मानतात.

एवढे सगळे ऐकल्यावर कुणीतरी विचारणारच, "याचा आम्हाला उपयोग काय?" विचारलेच पाहिजे.

आपल्या वस्त्यांत क्षयरोगाने किती घरे रिकामी केली, हे वडीलधाऱ्यांना सांगायला नको. अनेकांनी सुयांचा कोर्स केलेला आहे. ते स्ट्रेप्टोमायसिन. अमेरिकेत १९४३ साली अल्बर्ट शाट्झ या पीएचडीच्या विद्यार्थ्याने ते मातीतल्या जीवाणूतून वेगळे काढले. १९५२चे नोबेल मात्र एकट्या प्रयोगशाळाप्रमुखांना, वाक्समन यांना मिळाले. हे औषध जीवाणूच्या रायबोसोमच्या लहान भागाला चिकटते आणि तो चुकीचे वाचू लागतो. टेट्रासायक्लिन, एरिथ्रोमायसिन, अझिथ्रोमायसिन ही औषधेही रायबोसोमच अडवतात. जीवाणूचा रायबोसोम आपल्यापेक्षा थोडा वेगळा आहे, म्हणून जीवाणू मरतो आणि आपण वाचतो.

पण पूर्ण वेगळा नाही. आपल्या पेशीत ऊर्जा तयार करणारे तंतुकणिका नावाचे भाग आहेत, त्यांचा स्वतःचा रायबोसोम असतो आणि तो जीवाणूच्या रायबोसोमशी नाते सांगतो. काही कुटुंबांत त्याच्या आरएनएमध्ये एक अक्षर बदललेले असते आणि तो जीवाणूसारखा आणखीनच होतो. अशा माणसाला स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, अमिकासिन अशी सुई दिली तर कायमचा बहिरेपणा येऊ शकतो. हे १९९३ साली उलगडले. हा बदल आईकडून मुलांकडे जातो. तेव्हा आई, आजी, मावशी, मामा यांच्यापैकी कुणाचे ऐकणे सुई घेतल्यावर गेले असेल, तर डॉक्टरांनी न विचारताही ते सांगायचे. एवढी एक गोष्ट आजच्या भाषणातून घरी नेलीत तरी आमचे येणे सार्थकी लागले.

औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी आपल्या सरकारने २०२४ साली सहा महिन्यांच्या नव्या उपचाराला मान्यता दिली. त्यात चार औषधे आहेत, त्यांतले लिनेझोलिड रायबोसोमच्या मोठ्या भागावर काम करते. तेही तंतुकणिकेच्या रायबोसोमला थोडा त्रास देते. त्यामुळे हातापायांना मुंग्या येतात, रक्त कमी होते किंवा दिसायला अंधूक होते. असे झाले तर गोळी आपल्या मनाने बंद करू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे. मात्रा कमी करता येते.

कोरोनाच्या काळात आपल्यापैकी बहुतेकांनी कोव्हिशील्ड घेतली. तिच्यातून गेलेला मजकूर वाचून विषाणूचे काटेरी प्रथिन कोणी तयार केले? आपल्याच दंडातल्या रायबोसोमनी. ते पाहून शरीर सावध झाले.

आता मघाचा आमचा मूळ प्रश्न. यंत्रेच कमी पडली तर? डायमंड-ब्लॅकफन नावाचा एक दुर्मिळ आजार आहे. बाळ जन्मते, पहिल्या वर्षातच रक्त कमी होऊ लागते, तांबड्या पेशी तयारच होत नाहीत. १९३८ सालापासून डॉक्टर तो ओळखत होते, कारण माहीत नव्हते. १९९९ साली कळले की अशा सुमारे चौथ्या हिश्श्यातल्या बाळांत रायबोसोमच्या लहान भागातल्या एका प्रथिनाचे जनुक बिघडलेले असते. पुढे रायबोसोमच्याच इतर प्रथिनांतले दोषही सापडले. सगळे चकित झाले. रायबोसोम तर प्रत्येक पेशीत आहे, मग त्रास मुख्यतः रक्तालाच का?

याचे पूर्ण उत्तर अजून झालेले नाही, पण एक धागा हाताला लागला आहे. नळावर पाणी भरपूर असले की बुटकी घागर आणि उंच हंडा दोन्ही भरतात. धार बारीक झाली की ज्याचे तोंड रुंद त्याचे भरते, अरुंद तोंडाचे रिकामे राहते. निरोपांचेही तसे आहे. काही निरोप रायबोसोमला सहज ओढून घेतात, काहींना ते जमत नाही. रायबोसोम कमी झाले की हे दुसरे मागे पडतात. तांबड्या पेशी घडवण्यासाठी गाटा-१ नावाचे प्रथिन लागते, आणि त्याचा निरोप या मागे पडणाऱ्यांपैकी आहे असे २०१४ सालच्या संशोधनात दिसले. म्हणजे यंत्रांची संख्याच ठरवते, कोणता निरोप वाचला जाईल. बांधणे आणि वापरणे या दोन गोष्टी आम्ही वेगळ्या करत नाही त्याचे कारण हेच.

पेशी कच्चे यंत्र बाहेर जाऊ देत नाही, हेही कळले आहे. २०१२ साली यीस्टमध्ये असे दिसले, की लहान भाग पुरा होण्याआधी त्याला एका तयार मोठ्या भागाशी जोडून पाहिले जाते. निरोप नाही, मणी नाहीत, नुसती कोरडी चाचणी. नीट जुळला तरच शेवटचा काप होतो आणि तो कामावर जातो. ही चाचणी घेणारे मदतनीस बिघडले तर कच्चे रायबोसोम कामावर जातात, आणि मग ते काय वाचतात? आमचे सध्याचे काम यावरच चालू आहे, त्यामुळे जास्त बोलता येत नाही.

शेवटी विद्यार्थ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. बारावीनंतर पुण्यात आयसर ही संस्था आहे, तिची वेगळी प्रवेशपरीक्षा असते. बीएस्सीनंतर एमएस्सीसाठी जॅम, पीएचडीच्या छात्रवृत्तीसाठी नेट. पीएचडीपर्यंत बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे, परदेशासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. त्यांच्या जाहिराती आणि मुदती विहाराच्या फलकावर लावायला समितीने होकार दिला आहे. पोस्टडॉकला मात्र बहुतेक ठिकाणी परीक्षा नसते. ज्यांच्या प्रयोगशाळेत काम करायचे त्यांना आपणच पत्र लिहायचे. पत्र एक पानाचे असावे. त्यांचा एखादा निबंध खरोखर वाचलेला असावा आणि त्यातले काय पटले, काय पटले नाही ते दोन ओळींत लिहावे. आपण काय करू शकतो ते लिहावे, आपली अडचण लिहू नये. मुली विचारतात की लग्न झालेले असेल तर लिहावे का? गरज नाही. उत्तर आले नाही तर दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा लिहावे, आणि तोपर्यंत दुसऱ्या चार ठिकाणी पत्रे गेलेली असावीत. इंग्रजी तपासून हवे असेल तर आम्ही येथे असेपर्यंत, म्हणजे पुढच्या महिन्याच्या पौर्णिमेपर्यंत, दर रविवारी संध्याकाळी वाचनालयात बसू.